सतरा नंबर आणि पोळ्याची सुट्टी

मित्रांनो, मी एक जुनी यीस्टची पेशी आहे, असं म्हणायला गेलं की माझीच पंचाईत होते. जुनी कोणती आणि नवी कोणती? पोटभर खायला मिळालं की दोन-तीन तासांत माझ्या अंगाला एक कोंब फुटतो, तो फुगतो, सुटतो, आणि माझ्या शेजारी दुसरी मी उभी! सकाळी बाटलीत चिमूटभर असते ती दुसऱ्या सकाळपर्यंत करोडोंनी असते. त्यातली खरी मी कोणती हे मला विचारू नका. सगळ्या मीच. म्हणून मी कधी 'मी' म्हणेन, कधी 'आम्ही' म्हणेन. तेवढं चालवून घ्या.

डोळ्यांना मी दिसत नाही. टाचणीच्या डोक्यावर आमचं अख्खं गाव बसेल, वर जत्रेलाही जागा उरेल. पाव फुगवणारी यीस्ट तुम्हाला माहीत असेल. ती माझी चुलतबहीण, आणि तिचा तोरा काय विचारता! माझ्या पूर्वजांना मात्र कुणी ओळखत नव्हतं. ते दूरदेशी झाडांच्या सालीतून झिरपणाऱ्या चिकावर राहायचे. तिथून कुणीतरी त्यांना खरवडून आणलं, आणि प्रयोगशाळा फिरत फिरत थर्माकोलच्या डब्यातून, बर्फाच्या धुरात गुंडाळलेली मी एका दुपारी वर्ध्याला उतरले. बाहेर पारा शेहेचाळीसवर होता. कुरिअरवाल्याने डबा टेबलावर ठेवला आणि कपाळ पुसत विचारलं, "आइस्क्रीम आहे काय हो यात?"

"नाही हो दादा, कामाला माणसं मागवली आहेत," मंजुषाताई म्हणाली.

"इतकुशा डब्यात माणसं?" कोपऱ्यात काचेची भांडी विसळणारे बंडूजी म्हणाले. "मंग ढोरं म्हना."

तेव्हापासून बंडूजींच्या लेखी आम्ही ढोरंच. पण या दोघांची ओळख करून द्यायला हवी, कारण माझी सगळी गोष्ट यांच्याच हातून घडली.

आमची प्रयोगशाळा वर्ध्याहून सेलूकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात आहे. दोन खोल्या, एक मोठा फ्रीझर, आणि बाटल्या गरागरा फिरवणारं एक यंत्र. त्याला शेकर म्हणतात. मंजुषाताई तिथे संशोधन करते. देवळीजवळच्या गावची, शेतकऱ्याची लेक. तोंडाने फटकळ, हाताने मात्र इतकी हळुवार की तिने उचललेला थेंब कधी सांडला नाही. बंडूजी प्रयोगशाळेचे मदतनीस. वय पंचावन्न, गाव कॉलेजच्या मागेच, घरी सोन्या आणि लखन ही बैलजोडी. भांडी धुणं, निर्जंतुक करणं, शेकर सांभाळणं हे त्यांचं काम. आणि या दोघांच्या वर रक्षा मॅडम. त्यांचा चष्मा नाकावर आला की सगळे आपापल्या कामात डोकं खुपसायचे.

आता माझं काम सांगते. मंजुषाताईची आई शकुबाई सोयाबीन निंदायला गेली असताना तिच्या पायाला काहीतरी चावलं. काय चावलं ते कुणी पाहिलं नाही. दवाखान्यात नेलं तर पहिला प्रश्न हाच, की विष अंगात गेलंय की नाही? ते कळायला वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. पाय सुजतो का, पापण्या मिटतात का, हे बघत मंजुषाताई सहा तास आईच्या उशाशी बसली. शकुबाईला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी घरी येऊन तिने भाकरीसुद्धा थापल्या. पण ते सहा तास काही मंजुषाताईच्या डोक्यातून गेले नाहीत. तिने ठरवलं, एक कागदाची पट्टी करायची. रक्ताचा थेंब टाकला, की विष असेल तर लाल रेघ उमटेल. झालं! सहा तास नाही, पंधरा मिनिटं.

त्या पट्टीसाठी लागतं एक प्रथिन. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा, पण अशी माळ, की स्वतःभोवती गुंडाळून आकार घेते. मंजुषाताईच्या प्रथिनाला दोन हात होते. एका हाताने सापाचं विष धरायचं, दुसऱ्या हाताने पट्टी धरायची. दोन्ही हात शाबूत असतील तरच उपयोग. मधून तुटलं तर एक हात इकडे, एक तिकडे, आणि दोन्ही बिनकामाचे.

हे प्रथिन बनवायची कृती तिने माझ्यात घातली. कशी म्हणाल तर विजेचा झटका देऊन! क्षणभर माझ्या अंगाला बारीक छिद्रं पडली, त्यातून ती कृती आत शिरली, आणि माझ्या गुणसूत्रांच्या मूळ पोथीत एक पान वाढलं. दुखलं का? हो, दुखलं. माझ्यातल्या कितीतरी जणी गेल्याही. पण जी उरले ती मी शिकलेली होते! एरवी मी स्वतःपुरतं जगायचे. आता मला एक वस्तू बनवून जगाला द्यायची होती. इतकी ऐट मला कधीच वाटली नव्हती.

त्या कामाला माझा खुराक ठरलेला होता, रोज सकाळी मोजून मेथॅनॉल. हे मेथॅनॉल माणसाला जहर आहे, त्याला हातही लावू नका. मला मात्र ते मिळालं की मी प्रथिन बनवून भराभरा बाहेर सोडते. बंडूजी त्याला मेथॅनॉल म्हणत नसत, ढेप म्हणत, म्हणजे गुराढोरांची पेंड. सकाळी मंजुषाताई आली की विचारायचे, "काऊन वो ताई, ढोरायले ढेप टाकली काय?"

"टाकली, बंडूजी."

"टाकली तं ठीक. उपाशी ढोरानं काम नाई होत."

पहिल्या वेळेला चार दिवस मी राबले. बाटलीत भरपूर प्रथिन जमलं. मंजुषाताईने बाटली उजेडात धरून म्हटलं, "शाबास गं माझे बाई!" मित्रांनो, अशी शाबासकी करोडोंमध्ये वाटून घेतली तरी पुरते.

पण दुसऱ्या दिवशी जेल झाला. जेल म्हणजे पारदर्शक वडीसारखा एक पातळ तुकडा. त्यात प्रथिन सोडून वीज लावली की मोठी प्रथिनं वर अडकतात, लहान तुकडे खाली पळतात, आणि निळ्या रंगात त्यांच्या रेघा दिसतात. माझं प्रथिन अख्खं असतं तर वर एकच ठसठशीत रेघ दिसली असती. दिसल्या त्या खालच्या अंगाला पाच-सहा पुसट रेघा.

रक्षा मॅडमनी चष्मा नाकावर घेतला. "मंजुषा, तू प्रथिन बनवते आहेस की कोशिंबीर?"

मंजुषाताईचा चेहरा एवढासा झाला. आणि माझा? मला चेहरा नाही, पण असता तर तोही एवढासा झाला असता. कारण दोष माझाच होता. मीच बनवत होते आणि मीच कापत होते! कुंपणच शेत खात होतं.

असं कसं, म्हणाल. ऐका. प्रत्येक यीस्टच्या पोटात एक उकिरडा असतो. जुनं, मोडकं, निकामी सामान तिथे जातं आणि तिथल्या कात्र्या त्याचा भुगा करतात. त्या भुग्यातून आम्ही पुन्हा नवं सामान बनवतो. उपासमारीच्या दिवसांत तर त्याच कात्र्यांवर आम्ही जगतो. म्हणजे त्या काही वाईट नाहीत. पण करोडो जणी एका बाटलीत दाटीने राबल्या की काही जणी फुटतात, त्यांचा उकिरडा सांडतो, कात्र्या बाहेर पडतात, आणि बाहेर तर आमचं नाजूक दोन हातांचं प्रथिन तरंगत असतं. कात्रीला काय कळतं, हे टाकाऊ की हे मोलाचं? दिसलं की कापलं.

मंजुषाताईने पाणी बदललं, खुराक बदलला, वेळा बदलल्या. दर वेळी कोशिंबीर. शेवटी माझी कुपी फ्रीझरच्या तळाशी, मागच्या डब्यात गेली. उणे ऐंशी अंशांच्या थंडीत. माझ्यापुढे दुसऱ्यांचे डबे आले, त्यांच्यावर बर्फ साचला, कुपीवरचं माझं नावही पुसट झालं. त्या थंडीत दिवस मोजता येत नाहीत. एवढंच कळायचं की फ्रीझरचं दार उघडतंय, हात येतोय, आणि तो हात दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन जातोय.

मग एकदा तो हात मागपर्यंत आला.

मंजुषाताईला एक गोष्ट सापडली होती. आमच्या उकिरड्यात कात्र्या पुष्कळ असतात, पण त्यातली एक धारवाली असते. तीच बाकीच्या कात्र्यांना धार लावते. तिलाच काढलं तर बाकीच्या बोथट! मंजुषाताईने ठरवलं की माझ्या पोथीतून त्या एका कात्रीचं पान फाडायचं. पुन्हा विजेचा झटका, पुन्हा ते दुखणं. नंतर आम्हाला तबकड्यांवर पसरलं. ज्यांच्या अंगात बदल टिकला त्याच तिथे जगल्या, पांढऱ्या ठिपक्यांसारख्या. एकेका ठिपक्याला नंबर मिळाला. तपासता तपासता सतराव्या ठिपक्यात ते पान सगळ्यात स्वच्छ गेलेलं निघालं. ती सतरा नंबर म्हणजे मी!

आता तुम्हाला वाटेल, वाजवा रे वाजवा. कुठलं काय! मी झाले हळू. कात्रीशिवाय घर चालवणं सोपं नसतं. कचरा साचतो, जीव दमतो. माझी थोरली बहीण, म्हणजे कात्री असलेली मूळची मी, शेजारच्या बाटलीत दिवसभरात दाट ताकासारखी व्हायची. मी मात्र अजून पातळ पाणचट. थोरली मला हिणवायची.

"काय गं सतरा, झोपलीस का जागी आहेस?"

"वाढतेय."

"वाढतेस? मला वाटलं विरघळतेयस!"

बंडूजीही बाटली हलवून बघायचे आणि म्हणायचे, "ताई, हे सतरा नंबरचं वासरू जरा मरतुकडंच निंगालं बाप्पा."

"मरतुकडं नाही, शांत आहे ते," मंजुषाताई म्हणायची. पण म्हणताना बाटलीकडे बघायचं टाळायची.

एक दिवस रक्षा मॅडम आल्या आणि उभ्याउभ्याच बोलल्या. "पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी मला नागपूरला बैठकीत सांगायचं आहे, हे काम पुढे न्यायचं की थांबवायचं. मला जेलवर अख्ख्या प्रथिनाची एक रेघ दाखव. ती दिसली तर पुढे. नाही दिसली, तर फ्रीझरचा हा डबा रिकामा कर. दुसऱ्या कामाला जागा हवी आहे."

डबा रिकामा करणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मोठ्या कुकरमध्ये वाफेखाली जायचं. मग पट्टी नाही, रेघ नाही, मी नाही.

मंजुषाताईने दिवस मोजले. चार दिवसांचं काम, एक दिवस जेल. बरोबर बसत होतं, पण एकच डाव होता. तिने सहा बाटल्या लावल्या. तीन थोरलीच्या, तीन माझ्या. हवा यावी म्हणून तोंडाला मलमलीचं कापड. आणि शेकर सुरू. गरगर, गरगर, गरगर. आम्ही घुसळलो की पाण्यात हवा मिसळते. आम्हाला मेथॅनॉल पचवायला भरपूर हवा लागते, ढेप नसली तर एक वेळ चालेल, हवा नसली तर मुळीच नाही. हे मंजुषाताईला इतकं पाठ होतं की सांगण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नाही.

आणि मधल्या दिवशी आला पोळा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, त्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण देतात. बंडूजी सोन्या-लखनचे खांदे शेकून उरलेली वाटी घेऊन थेट प्रयोगशाळेत आले. इकडे तिकडे पाहिलं. मग पळसाच्या पानाने शेकरच्या दोन्ही कडांना हळद-लोणी लावलं आणि हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मित्रांनो, मला खांदा नाही. पण असा मान मला जन्मात कुणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मंजुषाताईने आम्हाला खुराक दिला आणि पिशवी खांद्याला लावली. "बंडूजी, मी देवळीले जाऊन राह्यली. माय वाट पाहून राह्यली असन. उद्या पहिल्या बसनं येतो. तवरिक यायच्याकडे पाह्यजा. काही तकलीफ नाही झाली पाह्यजे यायले."

"तुमी बिनघोर जा ताई," बंडूजी म्हणाले. "घरच्या जोडीवानी पाह्यतो."

ती गेली. बंडूजी शेकरसमोर उभे राहिले. सहाही बाटल्या दोन दिवसांपासून एकसारख्या फिरत होत्या. बंडूजींच्या डोळ्यांत माया दाटून आली.

"काय जिनगानी आहे बाप्पा तुमची," ते म्हणाले. "रात नाई, दिवस नाई, चालूच. थे सोन्या-लखन आज सकाळपासून मोकळे हायेत, पुरणाची पोळी खाऊन राह्यले, आन् तुमी इथं जुतलेलेच. नाई, नाई. आज पोळा हाय. आज कोनी कोनाले जुतत नसते."

आणि खट्! बटन बंद.

शेकर थांबला. पंखा थांबल्यावर होते तशी शांतता झाली. बंडूजी दार ओढून पोळ्याला गेले.

खरं सांगते, पहिल्यांदा फार छान वाटलं. थोरली म्हणाली, "अहाहा! अशी सुट्टी रोज हवी." मग आम्ही हळूहळू खाली बसू लागलो. बाटलीच्या तळाशी गाळ होऊन, एकीवर एक, एकीवर एक. वर पाण्यात थोडी हवा होती, खाली आमच्यापर्यंत येईना. आणि भोवती सकाळचं मेथॅनॉल तसंच पडून. हवा असली तर खुराक, हवा नसली की जहर.

"सरक गं जरा!" एक ओरडली.

"कुठे सरकू? माझ्यावर दहा हजार बसल्यात!"

मागे गावात ढोल वाजत होते. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. आणि इकडे आमच्यातल्या एकेक जणी फुटत होत्या. थोरलीच्या बाटल्यांत फुटलेल्या प्रत्येकीचा उकिरडा सांडत होता, कात्र्या बाहेर पडत होत्या. माझ्या बाटल्यांतही जणी फुटल्या. कितीतरी गेल्या. धारवाली कात्री गेली म्हणून माझा जीव काही चिवट झाला नव्हता. माझ्याही कात्र्या सांडल्या, आमच्या दोन हातांच्या प्रथिनाभोवती जाऊन पोचल्या. पुढे काय झालं ते मला कळलं नाही. मी धाप लागून पडले होते.

पोळा फुटल्यावर, म्हणजे बैलांची मिरवणूक पांगल्यावर, संध्याकाळी बंडूजी अंगाला गुलाल लागलेला तसे आले. त्यांनी बटन चालू केलं. "झाला ना आराम? लागा आता कामाले." आणि समाधानाने घरी गेले.

सकाळी मंजुषाताई आली. दारातच थबकली. बाटल्यांना आंबूस, कुबट वास येत होता. फेस वेगळाच, रंग वेगळाच. तिने एक बाटली उचलली, दुसरी उचलली. मग तिला शेकरच्या कडेला पिवळा डाग दिसला. बोटाने पुसून वास घेतला. हळद! लोणी!

"बंडूजी!"

बंडूजी हसतमुखाने आत आले. "आल्या काय ताई? पोळा झाला ना मस्त?"

"हे काय आहे?"

"खांद शेकली."

"कोणाची?"

"यायची. आन् काल दिवसभर सुट्टी देली त्यायले. बटन बंद. सांजच्याले पुन्हा चालू केलं. तुमी म्हनलं होतं ना, तकलीफ नाही झाली पाह्यजे."

मंजुषाताई मटकन स्टुलावर बसली. घराची ओढ लागली किंवा रागावली की तिची शुद्ध भाषा पळून जायची. "अवो बंडूजी, तुमाले कोनं सांगतलं बंद कराले? थे बैल आहेत काय? हालले नाई तं त्यायले हवा नाई भेटत! सारे गुदमरले थे! आता नवीन लावाले टाइम आहे काय मायाजवळ? परवा मॅडम नागपूरले चालल्या!"

बंडूजींचं हसू मावळलं. गुलाल लागलेला तो माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. "मले का मालूम ताई," ते पुटपुटले. "मले वाटलं, दमले असतीन."

मंजुषाताई उठली. तिने एक मोठं घमेलं घेतलं, त्यात जंतुनाशक ओतलं, आणि थोरलीची पहिली बाटली उचलली. आता सगळ्या बाटल्या त्यात जाणार. बंडूजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "ताई... सारेच मेले काय वो? का त्यातलं काही वाचलं असन?"

मंजुषाताईचा हात हवेतच थांबला.

ती बाटलीकडे बघत राहिली. थोरलीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा थोरलीकडे. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली आणि डोळे मोठे झाले.

"थांबा," ती म्हणाली. "थांबा, थांबा, थांबा. बंडूजी, सहाही बाटल्या एकाच वेळी बंद होत्या ना?"

"एकाच बटनावर हायेत त्या."

"म्हणजे सगळ्यांचे सारखेच हाल झाले. सगळ्या फुटल्या. सगळ्यांच्या कात्र्या बाहेर आल्या. मी मुद्दाम केली असती तरी इतकी कठीण परीक्षा मला घेता आली नसती!" तिने बाटली पुन्हा जागेवर ठेवली. "सतरा नंबरच्या कात्र्या खरंच बोथट असतील, तर यातही तिचं प्रथिन शाबूत राहायला पाहिजे. आणि इथे शाबूत राहिलं, तर कुठेही राहील!"

बंडूजींना किती कळलं कोण जाणे. पण घमेलं त्यांनी झटकन पायाने बाजूला सारलं.

तेवढ्यात रक्षा मॅडम आल्या. सगळं ऐकलं. चष्मा नाकावर आला. "म्हणजे सडलेल्या बाटल्यांवर तू जेल लावणार?"

"हो मॅडम."

"आणि कोशिंबीर निघाली तर?"

"तर डबा मी माझ्या हातानं रिकामा करीन," मंजुषाताई म्हणाली. हे बोलताना ती मॅडमच्या डोळ्यांत बघत होती. असं तिने पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

जेल लागला. डाव्या बाजूला थोरलीचे तीन थेंब, उजव्या बाजूला माझे तीन. वीज सुरू झाली. बाहेर तान्हा पोळा निघाला होता, पोरंसोरं लाकडाचे बैल ओढत चालली होती. पण बंडूजी तिकडे फिरकलेसुद्धा नाहीत. मग निळा रंग, मग धुणं. धुताना सगळंच आधी निळंशार दिसतं, मग पार्श्वभूमी हळूहळू उजळते. तिघांची डोकी त्या तबकावर वाकली होती.

डावीकडे थोरलीचं कळलंच. वर काही नाही, खाली भुगा. धड रेघसुद्धा नाही, नुसता निळा चिखल.

उजवीकडे अजून काही दिसेना. मंजुषाताईने पाणी बदललं. पुन्हा बदललं.

आणि वर, जिथे असायला हवी तिथेच, एक रेघ. एकच. शेजारी दुसरी. शेजारी तिसरी. तिन्ही बाटल्यांची एकसारखी, सरळ, आणि खाली काही नाही!

मंजुषाताईने तबक उजेडाकडे सरकवलं. मग रक्षा मॅडम म्हणाल्या, "फिकी आहे."

"फिकी आहे मॅडम. कमी आहे," मंजुषाताई म्हणाली. तिने रेघेकडे बोट दाखवलं. "पण अख्खी आहे."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटतं, मी तेव्हा पहिल्यांदाच त्यांचे डोळे पाहिले. "अख्खी आहे," त्या म्हणाल्या. "कमी आहे ते वाढवता येतं, तुटलेलं जोडता येत नाही. पण नागपुरात मी हेही सांगणार की बाटल्या बंद पडल्या होत्या. आणि पुढच्या आठवड्यात हेच सगळं पुन्हा, नीट, शेकर चालू ठेवून करायचं. एका रेघेवर भाळायचं नाही."

"करते मॅडम!"

बंडूजींनी खाकरून विचारलं, "मंग ताई, दर पोळ्याले बंद करत जाऊ काय बटन?"

"हात तं लावून पाह्या!" मंजुषाताई ओरडली, आणि तिघंही इतकी हसली की मॅडमना पदराने डोळे पुसावे लागले.

पुढच्या आठवड्यात ते सगळं पुन्हा झालं, नीट. रेघ पुन्हा आली, या वेळी ठळक. आता मी फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात असते. कुपीवर न पुसणाऱ्या शाईने लिहिलंय, सतरा. पट्टी अजून दवाखान्यात पोचलेली नाही. मंजुषाताई म्हणते, अजून पुष्कळ तपासण्या बाकी आहेत, घाई करायची नाही. मला वाढायला वेळ लागतो, हे तिला आता चांगलं ठाऊक झालंय. थोरलीही हल्ली हिणवत नाही. तिची जागा तिला आहे, माझी मला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाचीही निगा राखताना आधी विचारा, बाबा रे, तुला काय लागतं? बैलाला सुट्टी दिली तर त्याचा जीव सुखावतो, मला सुट्टी दिली तर माझा गुदमरतो. माया दोन्हीकडे सारखीच होती हो! बंडूजींसारखी माया मला पुन्हा कुठे मिळायची? पण नुसत्या मायेने पोट भरत नाही आणि श्वासही मिळत नाही. तुमच्या घरच्या कुंडीतल्या रोपाला, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला, वर्गातल्या सगळ्यात हळू लिहिणाऱ्या मुलीला नेमकं काय लागतं ते जाणून घ्या, आणि तेच द्या. आणि ज्याला हे कळलं नाही, चुकून भलतंच करून बसला, त्याला एकदा समजावून सांगा. बंडूजींना कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्यांना सगळं माहीत आहे. कॉलेजात नवं कुणी आलं की ते त्याला हाताला धरून शेकरपाशी आणतात आणि सांगतात, "पाह्य, हे आमचे ढोरं. यायले चालतं ठेवा लागते, तवाच यायचा आराम होते."

ते आवर्जून सांगत असतात, आणि आम्ही त्यांच्यासमोर गरगर, गरगर फिरत असतो, मजेत.